उठून जाण्याचा धर्म

दादरच्या शिवाजी पार्कचे वर्ष 26 जानेवारीच्या संचलनाने सुरू होते. मग उन्हाळी सुट्टीतली क्रिकेटची शिबिरे, 1 मेचा सोहळा, पावसाळ्यात चिखलातला फुटबॉल, बंगाल क्लबची दुर्गापूजा, दसऱ्याचा मेळावा, दिवाळीतले कंदील आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेल्या लाखो माणसांचा मुक्काम. साधारण 28 एकरांच्या एका मैदानात एवढे सगळे मावते, कारण यातला प्रत्येक पाहुणा उठून जातो. मंडप सुटतो, बांबूंचे खड्डे बुजवले जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी कोणीतरी स्टम्प ठोकतो.

मैदान महापालिकेच्या ताब्यात आहे, हे प्रॉपर्टी कार्ड न बघताही सांगता येते. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तो निम्मा धर्माचा आहे आणि निम्मा तत्त्वज्ञानाचा. जे पूज्य वाटते ते कुठेतरी कायमचे बसवल्याशिवाय माणसांचे समाधान होत नाही. शहरातली मोकळी जागा मात्र कोणीच कायमचे बसले नाही तरच मोकळी राहते. या दोहोंचे जमवायचे कसे? आणि जमत नसेल तर माघार कोणी घ्यायची, श्रद्धेने की मैदानाने?

दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जागांना मुळात मरणाने जन्म दिला. 1896 साली मांडवी भागात माणसे तापाने आणि गाठींनी पटापट मरू लागली. हा प्लेग आहे, हे पहिल्यांदा ओळखले ते मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे डॉ. अकासियु गाब्रियेल व्हिएगस यांनी. निम्मे शहर गावाकडे पळाले, व्यापार थंडावला, आणि 1898 मध्ये सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्तीत समुद्राचा वारा शिरावा म्हणून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड कापून काढले. माणसे वसवायला उत्तरेकडे दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथल्या जमिनी घेतल्या. नव्या वस्तीचा नकाशा आखताना रुंद रस्ते, झाडांच्या रांगा आणि चौकाचौकात बागा आधीच धरल्या गेल्या. आजची पाच उद्याने म्हणजे फाइव्ह गार्डन्स ही त्याच आखणीतली. सिव्हिल इंजिनिअर मंचेरजी एदलजी जोशी यांनी ट्रस्टला राजी करून इथे पारशी मध्यमवर्गासाठी प्लॉट राखून घेतले, आणि बागांना आज त्यांचेच नाव आहे. मुंबईतल्या बहुतेक पारशी वसाहतींना कोट असतो, फाटक असते, पहारेकरी असतो. दादर पारशी कॉलनीला भिंत नाही. बाजूलाच हिंदू कॉलनी आहे, आणि बागांना दोन्हीकडची माणसे फेऱ्या घालतात.

माहीमच्या बाजूला महापालिकेने 1925 मध्ये एक मोठे मैदान लोकांना खुले केले. त्याचे नाव तेव्हा माहीम पार्क होते. दोनच वर्षांनी, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून ते शिवाजी पार्क झाले. महात्मा गांधींचे मराठीतले पहिले चरित्र लिहिणाऱ्या अवंतिकाबाई त्या याच.

इथे एक गंमत आहे. ट्रस्टचा सगळा भर कोंदट हवेवर होता. पण ज्या वर्षी ट्रस्ट स्थापन झाला त्याच वर्षी, 1898 मध्ये, पॉल-लुई सायमंड या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवले, की प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो. त्याचे म्हणणे मान्य व्हायला काही वर्षे गेली. पिसवांना प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या वाऱ्याशी काही देणेघेणे नव्हते. म्हणजे ज्या कारणासाठी एवढ्या मोकळ्या जागा मागितल्या, ते कारण निदान त्या रोगापुरते तरी फसवे निघाले. तरीही कारण गेले म्हणून बागा बांधून टाका, असे कोणी म्हटले नाही. पुढच्या पिढीने व्यायामाचे कारण दिले, त्याच्या पुढच्या पिढीने क्रिकेटचे, आता प्रदूषणाचे आणि वाढत्या उन्हाचे दिले जाते. कारणे बदलत राहिली आणि लोकांची ओढ तशीच राहिली. मोकळ्या जागेचे मोल तिच्या उपयोगावर अवलंबून असते, तर ते उपयोगाबरोबर संपायला हवे होते. ते संपले नाही, आणि विचाराची सुरुवात इथून करावी लागते.

उपयोगाची कसोटी किती निसरडी आहे, याचे उदाहरण बंगळुरूचे आहे. तिथल्या सदाशिवनगर भागात उद्यानासाठी राखलेला एक भूखंड मुख्यमंत्र्यांच्या आदेशावरून रुग्णालय बांधायला एका खासगी विश्वस्त संस्थेला देण्यात आला. रहिवासी न्यायालयात गेले. प्रश्न अवघड होता, कारण समोर मॉल नव्हता, दारूचे दुकान नव्हते, रुग्णालय होते. आजाऱ्याला खाट मिळणे मोठे, की बाकावर बसायला मिळणे मोठे? बहुतेक माणसे विचार न करता खाट म्हणतील. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलटा निकाल दिला. उद्यान म्हणून राखलेली जागा लोकांच्या हिताची असते, एका चांगल्या कामासाठीही ती सरकारला परस्पर फिरवता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. पाच वर्षांनी कुलू खोऱ्यातल्या बियास नदीच्या प्रकरणात याच न्यायालयाने रोमन कायद्यापर्यंत मागे जाऊन सांगितले, की हवा, पाणी, किनारा अशा गोष्टींचे सरकार मालक नसते, विश्वस्त असते.

विश्वस्त म्हटले की ठेव आली. पण इथे ठेव आहे तरी काय? नुसती पोकळी?

भारतीय दर्शनांनी हा प्रश्न फार पूर्वी, आणि चांगल्या हमरीतुमरीने, चघळला आहे. वैशेषिकांच्या मते आकाश हे खरेखुरे द्रव्य आहे. ते एक आहे, नित्य आहे, सगळीकडे पसरलेले आहे आणि शब्द म्हणजे ध्वनी हा त्याचा गुण आहे. बौद्धांमध्ये यावरून दोन तट पडले. वैभाषिकांनी आकाशाला स्वतःचा स्वभाव दिला. वसुबंधूच्या अभिधर्मकोशात तो स्वभाव सांगितला आहे: आकाश म्हणजे अडवणूक न करणे. ज्या मोजक्या गोष्टी कशाच्याही परिणामाने घडत-मोडत नाहीत, त्या असंस्कृत धर्मांत वैभाषिक आकाशाला निर्वाणाच्या पंक्तीला बसवतात. सौत्रांतिकांना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे, हाताला काही लागत नाही एवढ्यालाच आपण आकाश म्हणतो. तिथे वेगळी वस्तू काही नाही, नुसता अभाव आहे.

हा वाद मठातच राहिला असता तर त्याची इथे गरज नव्हती. मुंबईत तो विकास नियंत्रण नियमावलीत उतरला. 1991 च्या नियमावलीतल्या 58 क्रमांकाच्या नियमाने, बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनींचा पुनर्विकास करताना मालकाने साधारण एक तृतीयांश हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी द्यावा, अशी सोय केली होती. परळ, लालबाग, लोअर परळ, दादर इथल्या या जमिनी मिळून 600 एकरांच्या आसपास होत्या. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने 1996 मध्ये, सगळ्या गिरण्यांचा एकत्र विचार करून सलग बागा आणि चालण्याचे रस्ते काढता येतील, असा आराखडाही दिला. 2001 मध्ये नियम बदलला. बदलानंतर वाटणी धरायची ती गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या पडलेल्या जमिनीची. शेड पाडून जी जमीन मोकळी होईल ती मालकाची. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये हा अर्थ नाकारला, सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या मार्चमध्ये तो मान्य केला, आणि गिरणगावाला मिळू शकणाऱ्या बागांचा मोठा भाग कागदावरून पुसला गेला. नियम बदलणारे नकळत सौत्रांतिक पक्षाचे होते. मोकळी जागा म्हणजे जिथे काही नाही ती, हा त्यांचा अर्थ. कोरिया वैभाषिक म्हणायचे. मोकळी जागा ही त्यांच्या लेखी रचायची, जपायची, शहराला द्यायची वस्तू होती. आज मुंबईत माणशी मोकळी जागा एक-सव्वा चौरस मीटरच्या आसपास भरते. केंद्राच्या नगररचना मार्गदर्शक सूचना 10 ते 12 चौरस मीटर असावी म्हणतात.

वैशेषिकांचा ध्वनीही शिवाजी पार्कवर यायचा राहिला नाही. सभांचे भोंगे, सकाळ-संध्याकाळचे ढोल आणि आसपासच्या शाळा यावरून रहिवाशांची संस्था न्यायालयात गेली आणि 2010 च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाने मैदान शांतता क्षेत्रात घातले. 26 जानेवारी, 1 मे आणि 6 डिसेंबर हे दिवस त्यातून वगळले. एका पक्षाला वाटले, मैदानाचा आवाज गेला. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, आचार्य अत्र्यांची भाषणे, 1966 पासूनचा शिवसेनेचा दसरा मेळावा, हे सगळे इथल्या हवेत मुरलेले आहे. दुसऱ्या पक्षाला वाटले, आता घरातल्या आजाऱ्याला झोप लागेल. दोन्ही पक्षांचे म्हणणे वैशेषिकांना कळले असते. पोकळीत आवाज भरतोच. तो किती वेळ राहावा, एवढाच वादाचा विषय.

कालमर्यादेच्या याच मुद्द्यावर धर्मशास्त्राकडे एक तयार उत्तर आहे, आणि ते दर भाद्रपदात प्रत्येक मराठी गल्लीत वापरले जाते. मूर्तीची प्रतिष्ठा दोन प्रकारची, अचल आणि चल. देवळातली मूर्ती अचल. ती एकदा बसली की हलवायची नाही, तिच्यासाठी गाभारा, कळस, पुजारी, जमीन सगळे लागते. गणपतीची मातीची मूर्ती चल. तिच्यात देवाला बोलावायचे, दीड दिवस, पाच दिवस, दहा दिवस सेवा करायची, मग उत्तरपूजा करून अक्षता वाहायच्या आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवायची. तेवढ्याने देवाला निरोप दिला असे होते. पुढचे पाण्यात सोडणे हा उपचार. या रीतीत देवाचा अपमान आहे असे कोणाला वाटत नाही. उलट अनंत चतुर्दशीला जेवढी माणसे रस्त्यावर उतरतात तेवढी चतुर्थीला नसतात.

पंढरीच्या वारीत हीच रीत जमिनीला लागू होते. चांदोबाचा लिंब, खुडूस, ठाकूरबुवा, बाजीराव विहीर, वाखरी. या ठिकाणी रिंगण लागते, माउलींचा अश्व धावतो, त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. त्या क्षणी तिथली जागा देवळाइतकी पवित्र असते. पालखी पुढे गेली की तिथे पुन्हा वाटसरू आणि गुरे. पुढच्या वर्षी ती जागा पुन्हा पवित्र होते. मुसलमानांत ईदची नमाज मशिदीबाहेर मोकळ्या पटांगणात पढण्याची परंपरा थेट पैगंबरांच्या काळापासूनची आहे, आणि मुंबईत आझाद मैदानावर वर्षाला होणारा इज्तेमा आटोपला की तिथे पुन्हा क्रिकेटच्या खेळपट्ट्या दिसतात. जवळच्या क्रॉस मैदानाला तिथल्या जुन्या दगडी क्रुसावरून नाव मिळाले. क्रूस कोपऱ्यात राहिला, मैदान खेळणाऱ्यांना मिळाले. तेव्हा पावित्र्याला कायमची जागा लागतेच, हे कोणत्याही धर्माने सांगितलेले नाही. ती लागते असे वाटते ते मागे राहिलेल्या अनुयायांना.

बौद्ध परंपरेत तर बागेच्या दानाचीच एक प्रसिद्ध कथा आहे. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाला बुद्धाच्या संघासाठी राजपुत्र जेताचे उपवन हवे होते. जेताने किंमत सांगितली, सगळी जमीन नाण्यांनी झाकून दे. अनाथपिंडिकाने गाड्या भरून नाणी आणली आणि अंथरली. भारहूतच्या शिल्पात हा प्रसंग कोरलेला आहे. पण कथेतली अधिक मोलाची गोष्ट पुढे येते. हे उपवन कोणाच्या नावे करू, असे त्याने विचारले, तेव्हा चारही दिशांच्या संघाला, आलेल्यांना आणि अजून न आलेल्यांना दे, असे बुद्धाने सांगितले, अशी विनयपिटकातली नोंद आहे. नाशिकच्या आणि कार्ल्याच्या लेण्यांतल्या दानलेखांतही हा चार दिशांचा संघ भेटतो. ज्यांचा अजून जन्मही झालेला नाही ते मालक! कायद्याच्या दृष्टीने अशी मालकी अजब वाटेल. पण सार्वजनिक बागेची याहून नेमकी व्याख्या शोधून सापडणार नाही. आज फाइव्ह गार्डन्समध्ये झोपाळ्यावर बसलेले पोर 1900 च्या आखणीच्या वेळी त्या न आलेल्यांतले होते. संघाला शरण जाण्याचा उच्चार करणारी लाखो माणसे 6 डिसेंबरला शिवाजी पार्कच्या मंडपांत राहतात, पुस्तकांच्या स्टॉलवर गर्दी करतात, पिशव्या भरून पुस्तके नेतात आणि 7 तारखेला परतीच्या गाड्या पकडतात. त्यांचे अचल स्थान समुद्राकाठी चैत्यभूमीवर आहे. मैदानावरचे वास्तव्य चल आहे. दोन्हींचा सांधा इथे इतका चपखल बसला आहे, की एवढ्या गर्दीत तो लक्षातही येत नाही.

सांधा निखळतो कुठे, हे 2012 मध्ये दिसले. 18 नोव्हेंबरला शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्यावर शिवाजी पार्कमध्येच अंत्यसंस्कार झाले. स्मशानाबाहेर दहन, तेही खेळाच्या मैदानात, ही सरकारने दिलेली अपवादाची परवानगी होती आणि त्या दिवशीच्या अफाट गर्दीपुढे तिला कोणी हरकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर दहनाच्या जागी चौथरा राहिला. महिनाभर तो हटवायचा की नाही यावर तणाव होता. शेवटी डिसेंबरमध्ये शिवसैनिकांनीच तो काढला. एका कोपऱ्यात स्मृतिस्थळ राहिले आणि मोठ्या स्मारकासाठी पलीकडचा महापौर बंगला निवडला गेला. महापौरांचे निवासस्थान 2019 च्या सुमारास भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलले. एका मोकळ्या जागेवरचा ताण दुसऱ्या बागेने थोडा अंगावर घेतला, असा त्याचा हिशेब मांडता येतो. 2022 च्या फेब्रुवारीत लता मंगेशकरांवर याच मैदानात अंत्यसंस्कार झाले. लगेच इथे स्मारक करा, अशी मागणी पुढे आली. पंडित हृदयनाथ मंगेशकरांनी सांगितले, की कुटुंबाची तशी इच्छा नाही, यावरून राजकारण नको. मैदानाच्या शंभर वर्षांत त्याच्या बाजूने बोलले गेलेले इतके साधे आणि इतके वजनदार शब्द थोडेच असतील.

या विचाराला एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. उठून जा, हे सांगणे ज्याचे शहरात घर आहे, गल्लीला ज्याच्या आजोबांचे नाव आहे, त्याला सोपे असते. ज्यांना शतकानुशतके कुठेच बसू दिले नाही, त्यांना चल प्रतिष्ठेचे महत्त्व समजावणे ही क्रूर थट्टा होऊ शकते. सीताराम केशव बोले यांनी 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. दादरचा बोले रस्ता त्यांच्याच नावाचा. त्या ठरावाच्या आधारावर 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा सवर्णांनी पंचगव्य ओतून तळे शुद्ध करून घेतले आणि तळे खासगी आहे म्हणून दावा लावला. 1937 मध्ये उच्च न्यायालयात निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. शिवाजी पार्कला नाव मिळाले तेही 1927 चेच वर्ष. त्या दोन घटना शेजारी ठेवल्या की दिसते, सार्वजनिक जागेला सगळ्यात मोठा धोका बांधकामाचा नसतो. पावित्र्याचे कारण सांगून काही माणसांना हाकलण्याचा असतो. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सरकारी पैशातून चालणारी लोकांची वावराची ठिकाणे यांचा नावानिशी उल्लेख आला. त्या घटनेचे शिल्पकार हिंदू कॉलनीत राजगृहात राहत होते. तिथून फाइव्ह गार्डन्स चालत काही मिनिटांवर आहेत.

म्हणून उठून जाण्याचा नियम वरून खाली लावायचा असतो. आधी सत्तेला, मग संपत्तीला, मग संख्येला, आणि सगळ्यात शेवटी त्या माणसाला ज्याला बसायला दुसरी जागा नाही. आणि ज्यांना शहराने हक्काची कायम जागा देणे बाकी आहे त्यांना ती मैदानातून कापून न देता अन्यत्र द्यायची. इंदू मिलची सुमारे 12 एकर जमीन बाबासाहेबांच्या स्मारकाला मिळाली, 2015 मध्ये तिथे भूमिपूजन झाले. मैदानाचा एक चौरस फूट न घेता कायमच्या स्मरणाची सोय करता येते, हे दादरमध्येच सिद्ध झाले आहे.

कायम बसण्याचे बहाणे नेहमी देवाचे किंवा नेत्याचे असतात असेही नाही. सौंदर्यीकरण हा अलीकडचा मोठा बहाणा आहे. कुंपण उंच होते, फाटकाला वेळापत्रक लागते, पाटीवर मनाईंची यादी वाढत जाते: गवतावर बसू नये, खेळू नये, झोपू नये, खाऊ नये. दुपारी कुलूप, कारण दुपारी येणारी माणसे रिकामटेकडी. पण रिकामटेकडेपणा हाच तर बागेचा उद्देश. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईतल्या बायकांविषयी हा मुद्दा ठामपणे मांडला. बाईला घराबाहेर पडायला नेहमी काहीतरी काम दाखवावे लागते. भाजी, शाळा, नोकरी, देवळात जाणे. नुसते रेंगाळण्याचा हक्क मिळाला तर शहर तिचे झाले, असे त्या म्हणतात. ब्रह्मसूत्रांत सृष्टीच्या निर्मितीला लीला म्हटले आहे, म्हणजे काही मिळवायचे नसताना केलेली क्रिया. ईश्वराला जी मुभा शास्त्राने दिली ती कट्ट्यावर बसलेल्या बाईला द्यायला शहर अजून कां-कू करते.

शिवाजी पार्कचा कट्टा या बाबतीत उदार आहे. मैदानाभोवती सव्वा किलोमीटरच्या आसपास तो फिरतो, त्याला फाटक नाही, तिकीट नाही, आणि त्यावर निवृत्त शिक्षक, परीक्षेची पोरे, भेळ खाणारी जोडपी आणि कोणीच नसलेली माणसे एका ओळीत बसतात. लाल मातीच्या धुळीने शेजारच्या इमारतींतल्या लोकांचा खोकला वाढतो, त्यावर गवताचे, पाणी शिंपडण्याचे उपाय वर्षानुवर्षे चालू आहेत. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या सोडवल्या पाहिजेत. पण त्या मैदानाच्या तक्रारी आहेत, मैदान नको अशा तक्रारी नाहीत.

माटुंग्याने याच्या पुढे जाऊन दाखवले. किंग्ज सर्कलजवळ उड्डाणपूल झाला तेव्हा त्याच्या पोटात काय होणार हे ठरल्यासारखे होते: बेकायदा पार्किंग, कचरा, जुगार. परिसरातल्या नागरिकांनी काही वर्षे स्वखर्चाने पहारा ठेवला, महापालिकेच्या मागे लागले आणि 2016 मध्ये तिथे नानालाल डी. मेहता उद्यान उभे राहिले. सुमारे 600 मीटरचा फिरण्याचा मार्ग नर्मदेच्या प्रवाहासारखा वळणावळणाने काढला आहे. डोक्यावरून ट्रक जातात, खाली माणसे संध्याकाळची परिक्रमा करतात. जागा रिकामी होती म्हणून बाग झाली असे नाही. ती रिकामी ठेवायची, हे कोणीतरी ठरवले आणि त्यासाठी रात्री जागवल्या.

तेव्हा श्रद्धेने माघार घ्यायची की मैदानाने, या प्रश्नाचे उत्तर इथल्या धर्मपरंपरांतच आहे. बोलावणे आणि निरोप देणे ही दोन्ही पूजेची अंगे असतील, तर मैदानावर निरोप टाळणारा अर्धीच पूजा करतो. पुतळा, देऊळ, स्मारक, क्लबहाऊस, संगीत कारंजे, काहीही मैदानात उभारायचा प्रस्ताव आला की त्याच्या भव्यतेवर, भावनेवर, खर्चावर चर्चा करण्याआधी एकच माहिती मागावी: हे कोणत्या तारखेला काढणार? तारीख नसेल तर प्रस्ताव दुसऱ्या जागेचा आहे.

मुंबईच्या 2034 पर्यंतच्या विकास आराखड्यात प्रत्येक वॉर्डातली उद्याने, खेळाची मैदाने आणि त्यांची आरक्षणे नकाशावर दाखवलेली आहेत. ते नकाशे महापालिकेच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट बघता येतात. वाचकांनी आपल्या वॉर्डाचा नकाशा एकदा उघडावा, हिरव्या रंगातल्या जागा मोजाव्यात आणि एखाद्या रविवारी प्रत्यक्ष जाऊन त्या जागेवर आहेत का, हे बघून यावे.